लोकमताचा कौल

लोकमत हा शब्द आपल्याकडे फार सैलपणें वापरला जातो. ता. २३ जून २०१६ रोजीं ब्रिटनच्या मतदारांनीं युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हां आमच्या सुशिक्षित मित्रमंडळींत दोनच अभिप्राय ऐकूं आले. एक, प्रजा फसली. दुसरा, प्रजा जागी झाली. शेंकडा ५१.९ विरुद्ध ४८.१ अशा दुभंगलेल्या राष्ट्राविषयीं इतक्या निःशंकपणें बोलणारांचें आम्हांस कौतुक वाटतें. पण हे दोन्ही अभिप्राय एकाच गृहीतावर उभे आहेत. प्रजेला एक मन असतें आणि मतपेटी उघडली कीं तें दिसूं लागतें, असें तें गृहीत. आमचा आक्षेप त्यावर आहे.

मराठवाड्यांतील वाचकास तरी हा विषय परका वाटूं नये. पैठण तालुक्यांतील पाचोड गांव आज मोसंबीच्या बाजाराकरितां ओळखलें जातें. तेथून भरलेली गाडी दुसऱ्या प्रांतांत जातांना तिला सीमेवर आयातकर भरावा लागत नाहीं. निजामाच्या अमलांत ही गोष्ट स्वप्नवत् होती. पाचोड-पैठणचा मुलूख हैदराबादचा, आणि गोदावरीपलीकडील शेवगांव इंग्रजांच्या नगर जिल्ह्यांतलें. नदी ओलांडली कीं हाली सिक्का जाऊन कलदार रुपया येई, टपालाचें तिकीट बदले, आणि मालावर करोडगिरीच्या नाक्यावर पैसे मोजावे लागत. भाषा मात्र दोन्ही तीरांवर एकच, आणि सोयरिकी नदीला विचारून होत नसत.

जून १९४७ मध्यें मीर उस्मान अली खान यांनीं कोणत्याही संघराज्यांत सामील न होण्याचें जाहीर केलें. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें ७ ऑगस्टला भारतांत सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळला. नोव्हेंबरांत जैसे थे करार झाला. आणि त्याची शाई वाळते न वाळते तोंच हैदराबाद सरकारनें मौल्यवान् धातूंच्या निर्यातीवर बंधन घातलें व भारताचें चलन आपल्या राज्यांत अग्राह्य ठरविलें. सार्वभौमत्वाची भाषा शेवटीं नाण्यांवर आणि नाक्यांवर येऊन ठेपते, ती अशी. सीमेवरच्या स्वातंत्र्यसैनिकांनीं करोडगिरीचे नाके जाळले, त्यांतही आम्हांस एक प्रकारचें लोकमतच दिसतें. खेडुतानें विलीनीकरणाचे मसुदे वाचले नव्हते. पण नाका त्यानें रोज पाहिला होता.

तथापि त्यावरून "जनता अशी म्हणाली" असें सरसकट लिहिणें कितपत योग्य? आमच्या मुक्तिसंग्रामविषयक लेखनांत हा शब्द पानोपानीं येतो. हैदराबादेंत या प्रश्नावर मतपेटी कधीं ठेवलीच गेली नाहीं. ता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पांच दिवसांत सैन्यानें प्रश्न निकालांत काढला. बहुसंख्य प्रजेला संघराज्य हवें होतें याविषयीं आम्हांस यत्किंचित् संशय नाहीं. रझाकारांच्या अत्याचारांनीं उरलासुरला संशयही फेडला असेल. पण त्या 'जनते'बाहेर राहिलेले लोकही याच खेड्यांत राहत होते. पोलिस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जो प्रसंग ओढवला तो पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालांत नोंदला गेला, आणि तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आलाच नाहीं. हें लिहिल्यानें संग्रामाचें मोल उणें होतें असें ज्यांस वाटतें, त्यांचा त्या संग्रामावरील विश्वास आमच्याहून कमी आहे.

मतपेटी ठेवली असती तर सर्व स्पष्ट झालें असतें, असें म्हणावें तर गोव्याचें उदाहरण आडवें येतें. ता. १६ जानेवारी १९६७ रोजीं तेथें सार्वमत झालें. महाराष्ट्रांत विलीन होण्यासाठीं फूल, केंद्रशासित राहण्यासाठीं दोन पानें. फुलास १,३८,१७० मतें पडलीं, पानांस १,७२,१९१. मराठी मनास हा निकाल फार लागला, व त्याचीं कारणें धर्मांत, जमीनदारींत, क्वचित् कपटांत शोधण्यांत आलीं. परंतु त्याच मतदारांनीं मार्चमध्यें, अवघ्या अडीच महिन्यांच्या आंत, विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या हातीं पुन्हा सत्ता दिली! यांत प्रजेचें चांचल्य पाहणारा समीक्षक आम्हांस उथळ वाटतो. राज्य कोणीं करावें आणि घर कोणाच्या अंगणांत असावें, हे दोन प्रश्न गोमंतकीयांनीं वेगळे ठेवले, इतकेंच. शिवाय स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय त्यांस विचारलाच नव्हता; तो त्यांस ३० मे १९८७ रोजीं मिळाला. कौल मागणाराच कौलाचे पर्याय ठरवितो, हें देवळांतल्या गुरवापासून सर्वांस ठाऊक आहे.

ब्रिटनमध्यें तर एक पर्याय 'रहा', दुसरा 'सोडा'. सोडून कोठें जावयाचें, जकात कोठें बसवावयाची, हें मतपत्रिकेवर नव्हतें. म्हणून मतदानानंतर प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडला. मधल्या काळांत पार्लमेंट ज्या एका प्रश्नाभोंवतीं फिरत राहिलें तो पैठण-शेवगांवचाच होता: उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचें प्रजासत्ताक यांच्यामध्यें नाका उभारावयाचा कीं नाहीं? तेथील जुनी रक्तरंजित कहाणी आठवून जमिनीवर तो उभारला नाहीं. तो समुद्राकडे सरकला. ग्रेट ब्रिटनहून येणाऱ्या कांहीं मालाची तपासणी आतां बेलफास्ट व लार्न या बंदरांत होते; आणि उत्तर आयर्लंडनें तर शेंकडा ५५.८ मतें राहण्याच्या बाजूनें दिलीं होतीं.