सोन्याचा दाणा आणि ताटांतला घांस

शास्त्रीय शोधाची हकीकत कादंबरीच्या थाटानें सांगण्याची प्रथा इंग्रजी वाङ्मयांत चांगलीच रुळली आहे. अशा ग्रंथांत एक ध्येयनिष्ठ संशोधक असतो, त्याच्या वाटेंत आडवे पडणारे दुष्ट असतात, आणि शेवटीं सत्याचा जय तरी होतो किंवा सत्यावर अन्याय तरी होतो. वाचकास ही मांडणी सुखाची वाटते. कारण कोणाच्या बाजूनें उभें राहावें याचा निर्णय ग्रंथकारानें त्याच्यासाठीं आधींच करून ठेवलेला असतो. एड रेजिस या अमेरिकन लेखकाचा ‘गोल्डन राइस’ हा ग्रंथ याच जातीचा आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनें तो २०१९ सालीं प्रसिद्ध केला. त्यानंतर त्याच्या विषयानें अशीं वळणें घेतलीं आहेत कीं, ग्रंथकारानें दिलेला निकाल आज नव्यानें तपासून पाहणें अवश्य झालें आहे. भात हें ज्यांचें रोजचें अन्न, अशा घरांना तर ही तपासणी परकी वाटूं नये.

विषय थोडक्यांत असा आहे. भाताचें रोप आपल्या हिरव्या पानांत बीटा-कॅरोटीन नांवाचें पिंवळें द्रव्य तयार करतें आणि मनुष्याचें शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवतें. परंतु दाण्याच्या पांढऱ्या गरांत हें द्रव्य नसतें, आणि गरिबाच्या पोटांत जातो तो हा गरच. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावीं प्रथम रातांधळेपणा येतो, पुढें डोळे कोरडे पडून दृष्टि कायमची जाते, आणि गोवर-हगवणीसारख्या दुखण्यांस तोंड देण्याची मुलाची शक्ति खचते. अल्फ्रेड सॉमर व त्यांचे सहकारी यांनीं इंडोनेशियांतील आचे प्रांतांत केलेला प्रयोग १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. या जीवनसत्त्वाचा मोठा डोस वर्षांतून दोनदां दिलेल्या गांवांत लहान मुलांचे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें कमी भरले. तेव्हां हा प्रश्न नुसता डोळ्यांचा नाहीं, जीविताचा आहे, हें शास्त्रानें निःसंशय दाखविलें आहे.

या उणिवेवर दाण्यांतच उपाय करावा ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथें १९८४ सालीं भाताच्या संशोधकांची बैठक भरली असतां, कोणता गुण तांदळांत आणतां आला तर तुम्हांस हवा आहे, असा प्रश्न निघाला. तेव्हां पीटर जेनिंग्ज या अनुभवी संकरतज्ज्ञानें पिंवळा गर मागितला. तसा गर कोणत्याच भातांत आढळत नसल्यामुळें नेहमींच्या संकरानें तो साधणें शक्य नव्हतें. बाहेरचें जनुक आणणें प्राप्त होतें. झुरिकचे इंगो पोट्रिकुस आणि फ्रायबुर्गचे पीटर बायर यांनीं हें काम अंगावर घेतलें. डॅफोडिल या फुलझाडाचीं आणि एका जंतूचें अशीं जनुकें तांदळांत रोवून त्यांनीं पिंवळा दाणा निर्माण केला, व २००० सालच्या जानेवारींत ‘सायन्स’ या नियतकालिकांत तो जगापुढें ठेवला. त्याच वर्षीं ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पोट्रिकुस यांची छबी झळकली आणि हा तांदूळ प्रतिवर्षीं दहा लाख मुलांस वांचवूं शकेल असें आश्वासन तिच्यासोबत छापलें गेलें.

ही हकीकत रेजिस यांनीं जाणकारीनें सांगितली आहे. प्रयोगशाळेंतील कठीण क्रिया सामान्य वाचकास उलगडून दाखविण्याची त्यांची हातोटी प्रशंसनीय आहे. एवढें लोकोपयोगी बीज वीस वर्षांत गरिबाच्या शेतापर्यंत कां पोंचलें नाहीं, हा त्यांचा मुख्य प्रश्न. त्याचें उत्तर ते दोन शब्दांत देतात: नियम आणि विरोधक. २००० सालीं मान्य झालेल्या कार्टाजेना करारानें सावधगिरीचें तत्त्व कायद्यांत शिरलें आणि संशोधनाच्या पायांत बेडी पडली. विरोधकांनीं त्या बेडीवर कुलूप ठोकलें. हा सारा विलंब मुलांच्या प्राणांनीं भरून द्यावा लागला, असा ग्रंथाचा रोख आहे.

या आरोपांत तथ्य नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ग्रीनपीस संस्थेनें २००१ सालीं हिशेब मांडला कीं, दिवसाची गरज भागविण्यास शिजलेला नऊ किलो भात खावा लागेल. हा हिशेब पहिल्या दाण्यापुरता होता. २००५ सालीं सिंजेंटा कंपनीच्या संशोधकांनीं डॅफोडिलऐवजीं मक्याचें जनुक घालून दाण्यांतील कॅरोटीन वीसपटींहून अधिक वाढविलें, तेव्हां त्या उपहासाचा आधारच सुटला. अल्प उत्पन्नाच्या शेतकऱ्यास हें बीज मोफत मिळावें व तें त्यानें पुढच्या हंगामासाठीं राखून ठेवावें, अशी परवानगीहि शोधकर्त्यांनीं मिळविली होती. म्हणून ‘कंपन्यांचा डाव’ हा आक्षेप या एका पिकापुरता तरी लंगडा पडतो. २०१३ सालच्या ऑगस्टमध्यें फिलिपाइन्सच्या बिकोल प्रांतांत कांहीं लोकांनीं प्रयोगाचें शेत उपटून टाकलें. असलें कृत्य कोणत्याहि वादांत युक्तिवाद ठरत नाहीं. आणि ग्रंथ निघाल्यानंतरचा इतिहास तर ग्रंथकाराच्याच बाजूनें साक्ष देतो असें सकृद्दर्शनीं वाटतें. २०२१ सालीं फिलिपाइन्सनें या भाताच्या लागवडीस मुभा दिली, पुढील वर्षीं शेतकऱ्यांनीं तो पेरला व कापला, आणि २०२४ सालच्या एप्रिलमध्यें तेथील अपील न्यायालयानें त्याच्या निर्धोकपणाविषयीं शास्त्रज्ञांचें एकमत नाहीं असें कारण देऊन परवाना रद्द केला. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिका येथील अन्नपरीक्षकांनीं २०१७-१८ मध्यें हा तांदूळ खाण्यास निर्धोक ठरविला होता, हें लक्षांत घेतां न्यायालयाचें कारण आम्हांस बळकट वाटत नाहीं.

एवढें मान्य करूनहि ग्रंथकाराचा निकाल आम्हांस पटत नाहीं. विलंबाचा हिशेब मांडतांना त्यानें खतावणीचें एकच पान उघडलें आहे. या पठडींतील युक्तिवादाचा कळस पाहावयाचा असेल तर २०१४ सालीं वेसेलर व झिल्बरमन या अर्थशास्त्रज्ञांनीं केलेली गणना पाहावी. या बीजास अडवून धरल्यामुळें मागील दहा-बारा वर्षांत एकट्या भारतानें मनुष्यायुष्याचीं १४ लाख वर्षें गमावलीं, असें त्यांनीं मांडलें. आंकडा अंगावर कांटा आणणारा आहे. परंतु हिशेबाचा आरंभ २००२ पासून धरला आहे, आणि २००२ सालीं जगाजवळ होता तो डॅफोडिलचा दाणा. त्याच्या एका ग्रॅमांत कॅरोटीन होतें १.६ मायक्रोग्रॅम. त्या सालीं सारे नियम गुंडाळून ठेवले असते आणि सारे विरोधक मुके झाले असते, तरी शेतकऱ्याच्या हातीं काय द्यावयाचें होतें?

पुढची वाटहि निर्वेध नव्हती, आणि तिच्यांतले खांचखळगे सर्वच नियमांनीं खोदलेले नव्हते. प्रयोगशाळेंतील दाणा पिंवळा झाला म्हणजे पीक सिद्ध झालें असें नाहीं. तो गुण त्या त्या प्रदेशाच्या आवडत्या जातींत पिढ्यान् पिढ्या संकर करून उतरवावा लागतो, आणि उतारा घटला तर शेतकरी त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. प्रयोगांतील पिंवळ्या भाताचें सरासरी उत्पन्न स्थानिक जातींहून कमी भरलें, असें लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनेंच २०१४ सालीं कबूल केलें. आपल्या देशांतील दाखला तर याहून बोलका आहे. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं हा गुण ‘स्वर्णा’ या लोकप्रिय जातींत उतरविला, तेव्हां रोपें खुजीं झालीं, पानें फिकट पडलीं व मुळें खुरटलीं. बाहेरचें जनुक ज्या ठिकाणीं जाऊन बसलें तेथें रोपाचें स्वतःचें एक महत्त्वाचें जनुक होतें आणि त्याचें कार्य बंद पडलें होतें, असें त्यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. पुढें दुसऱ्या ठिकाणीं रोवलेल्या जनुकाचा वाण निवडून काम चालू राहिलें, हें खरें. पण तितकीं वर्षें गेलीं तीं निसर्गाच्या हट्टापायीं. एखादें खलपात्र मिळालें कीं नाटक रंगतें. मात्र निसर्गाला खलपात्र करतां येत नाहीं, म्हणून अशा ग्रंथांत त्याच्या वांट्यास थोडीच पानें येतात.

याहून मोठी उणीव तर्काची आहे. ‘निर्धोक’ आणि ‘उपकारक’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. विरोधक पहिलीवर हल्ला करतात, आणि त्यांच्यापाशीं पुरावा नाहीं. कैवारी पहिलीचें रक्षण करतात, आणि दुसरी सिद्ध झालीच आहे असें धरून चालतात. २००९ सालीं पांच निरोगी प्रौढांवर केलेल्या परीक्षेंत या तांदळांतील कॅरोटीनचें ‘अ’ जीवनसत्त्वांत उत्तम रूपांतर झालेलें दिसलें. पण पांच निरोगी प्रौढ कोठें आणि जंतांनीं पोखरलेलें, ज्याच्या भातावर तेलातुपाचा थेंब पडत नाहीं असें मूल कोठें! कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय अंगीं लागत नाहीं. मुलांवरील परीक्षा चीनच्या हुनान प्रांतांत २००८ सालीं झाली आणि तिचा वृत्तांत २०१२ सालीं छापला गेला. परंतु मुलांच्या ताटांत कोणता तांदूळ वाढला जात आहे हें त्यांच्या आईबापांस नीट सांगितलेंच नव्हतें. २०१५ सालीं तो वृत्तांत मागें घेण्यांत आला. तांदळानें कोणास अपाय झाला नाहीं. अपाय झाला विश्वासास. मुलाच्या हिताचें काम मुलाच्या आईपासून लपवून करावें, यासारखें दुसरें शस्त्र विरोधकांच्या हातीं कोणी देऊं शकलें नसतें.

दुसरी गोष्ट कशी सिद्ध करावयाची याचा नमुना आपल्या घराशेजारींच आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचें कृषि विद्यापीठ यांच्या सहकार्यानें लोहानें समृद्ध अशी ‘धनशक्ती’ बाजरी निघाली. तिच्यांत परक्या जनुकाचा संबंध नाहीं, केवळ निवडीचें काम आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांतील शाळकरी मुलांचे दोन गट करून एकास या बाजरीची व दुसऱ्यास साध्या बाजरीची भाकरी सहा महिने दिली, आणि दोहोंचें रक्त तपासलें. ज्यांच्या अंगीं लोह कमी होतें अशीं मुलें पहिल्या गटांत अधिक संख्येनें सुधारलीं, हें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ती भाकरी कधीं झळकली नाहीं, पण तिचा दावा ताटापासून रक्तापर्यंत मोजलेला आहे. सोनेरी तांदळाची अशी गांवपातळीवरील परीक्षा रेजिस यांचा ग्रंथ निघाला तोंपर्यंत कोठेंच झाली नव्हती. औषधाचा गुण मोजण्यापूर्वींच औषध अडविणाऱ्याच्या नांवावर मृत्यु मांडणें, हा न्याय नव्हे.

याचा अर्थ विरोधकांचें पारडें जड झालें असा कोणी करूं नये. ‘माठ खा, शेवग्याचा पाला खा’ हा त्यांचा उपदेश चांगला आहे. पण तान्ह्या मुलास पाला किती भरवणार, आणि भर उन्हाळ्यांत कोरडवाहू गांवांत तो आणणार कोठून? डोस पाजण्याच्या उपायानें पुष्कळ साधलें आहे. फिलिपाइन्समध्यें या उणिवेचें मुलांमधील प्रमाण २००३ सालीं शेंकडा ४० च्या घरांत होतें, तें २००८ सालीं १५ च्या आसपास आलें, आणि तेंहि सोनेरी तांदळाचा एक दाणा न शिजतां. परंतु पुढच्या पाहणींत तें पुन्हां वाढलेलें दिसलें. डोस चुकला कीं उणीव परत येते. आपल्याकडे डोस देण्याची योजना १९७० पासून आहे, आणि तरीहि २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणींत एक ते चार वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा १८ मुलांत ही उणीव आढळली. इतकीं मुलें उपाशी नसूनहि उपाशी आहेत, तेव्हां दाण्यांतल्या उपायाला केवळ भयापोटीं दार लावणें हेंहि पापच आहे.

मग या ग्रंथाची योग्यता कोणती? शोधाची कथा म्हणून तो अवश्य वाचावा. निवाडा म्हणून स्वीकारूं नये. ज्या मुलांच्या नांवानें त्यानें फिर्याद गुदरली आहे, त्यांच्या ताटांत आज काय पडतें, तें अंगीं कां लागत नाहीं, आणि त्यांच्या आईला कोणी कांहीं विचारलें काय, या प्रश्नांकडे ग्रंथकाराचें लक्ष क्वचितच जातें. वादाचे दोन्ही पक्ष त्या मुलाकडे पाठ करून एकमेकांशीं भांडत आहेत. सोनेरी तांदळाच्या कैवाऱ्यांनीं आतां एकच करावें: आईबापांस सर्व सांगून, त्यांच्या संमतीनें, एखाद्या गांवांत तो मुलांना वर्षभर जेवूं घालावा आणि हातीं येईल तो आंकडा, मग तो कसाहि असो, छापावा. विरोधकांनीं तेवढें शेत उपटूं नये. त्या आंकड्यानंतर कोणाला दोष द्यावयाचा तो खुशाल द्यावा. त्यापूर्वीं मांडलेला प्रत्येक दोष हा दुसऱ्याच्या मुलाच्या भुकेवर केलेलें वक्तृत्व होय.