उत्तररंग रंगतो कधी?

गारगोटीत एसटी स्टँडकडून बाजारपेठेत शिरताना एक सीडीचं दुकान होतं. दहा रुपये भाडं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. 2008-09 च्या सुमारास भाचीसाठी मी तिथून 'द लायन किंग' आणला, तर पारदर्शक पिशवीत एकच डीव्हीडी आणि तिच्यात तीन सिनेमे निघाले. टीव्हीवर तीन चौकटी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या, एकाच मापाच्या. पहिला सिनेमा 1994 चा, जगभर थिएटरात लागलेला. दुसरा 1998 चा आणि तिसरा 2004 चा, हे दोन्ही अमेरिकेत थिएटरचं तोंड न बघता थेट घरगुती व्हिडिओवर आलेले. त्या चौकटींकडे बघून हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि भाचीला त्याचं काही पडलेलंही नव्हतं. तिला सिंबाचं पुढं काय झालं ते बघायचं होतं.

गाजलेल्या ॲनिमेशनपटांचे थेट व्हिडिओवर आलेले पुढचे भाग मुळाच्या तोडीचे असतात का, या प्रश्नाचा विचार करताना मला ती चौकटींची रांग महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या प्रेक्षकानं पहिला भाग अंधाऱ्या सभागृहात, भल्या मोठ्या पडद्यावर पाहिलेला असतो आणि दुसरा घरी सोफ्यावर. तिथली तुलना मुळातच असमान. आमच्याकडे दोन्ही भाग त्याच एकवीस इंची टीव्हीवर, लाइटीचा दाब कमीजास्त होत असताना बघितलेले. पडद्याचा मोठेपणा दोघांच्याही वाट्याला आला नाही. म्हणून दुसरा भाग जिथे उणा पडला, ते उणेपण आम्हाला निखळ दिसलं.

या प्रथेची सुरुवात 'द रिटर्न ऑफ जाफर'पासून झाली. मे 1994 मध्ये, 'लायन किंग' थिएटरला लागण्याच्या महिनाभर आधी, 'अलादीन'चा हा दुसरा भाग कॅसेटवर आला. मुळात ते टीव्ही मालिकेचे सुरुवातीचे भाग, ते जोडून सिनेमा केलेला. चित्रं सिडनी आणि टोकियोच्या स्टुडिओंत, टीव्हीच्या खर्चात आणि टीव्हीच्याच वेळात काढलेली. जिनीला आवाज देणारा रॉबिन विल्यम्स यात नव्हता, त्याच्या जागी डॅन कॅस्टेलानेटा आला. कॅसेट लाखोंनी खपली आणि डिस्नेला धंद्याची वाट सापडली. पुढची बारा-चौदा वर्षं 'पोकाहोंटस', 'लिटल मर्मेड', 'मुलान', 'टार्झन' असं एकेकाचं शेपूट वाढत गेलं. युनिव्हर्सलनं तर 1988 च्या 'द लँड बिफोर टाइम'चे तेरा पुढचे भाग काढले.

आम्ही जाफर हिंदीत पाहिला, त्यामुळे विल्यम्स असला-नसला तरी आम्हाला फरक पडायचं कारण नव्हतं. तरी दहाव्या मिनिटाला भाची म्हणाली, "मामा, ह्यो त्यो जिनी न्हाई." मी विचारलं, कशावरून? तिला सांगता येईना. तिनं हातानं हवेत एक गोल वळसा काढून दाखवला. ती बरोबर होती. पहिल्या सिनेमातला जिनी ॲनिमेटर एरिक गोल्डबर्गनं व्यंगचित्रकार अल हर्शफेल्डच्या रेषेवरून बेतला होता. ती रेषा एका दमात धुरासारखी वर चढते, फुगते, वळते. दुसऱ्या भागात जिनी आहे, निळा रंग आहे, विनोद आहेत, पण रेषेतला तो दम गेलेला आहे. सात-आठ वर्षांच्या पोरीला हे एकवीस इंचावर दिसलं. मुलांना काय, काहीही चालतं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण सगळा दोष पैशावर आणि वेळेवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात, मग मध्ये बुक्का लागतो, आणि उत्तररंगात आख्यान येतं. आख्यान वेगळं, माणसं वेगळी, प्रसंग वेगळे. पण शेवटी बुवांना मूळ अभंगावर यावंच लागतं, आणि येताना त्या अभंगाचा अर्थ श्रोत्यांना आधीपेक्षा खोल लागावा लागतो. नुसता अभंग पुन्हा आळवला तर उत्तररंग रंगत नाही, आणि अभंग विसरून गोष्टच सांगत बसलं तर तो हरिदास वाट चुकला म्हणायचं. दुसऱ्या भागांना मी हीच कसोटी लावतो. या सिनेमानं पहिल्याचा अर्थ वाढवला का?

'लायन किंग'चा दुसरा भाग, 'सिंबाज प्राइड', या कसोटीवर बऱ्यापैकी उभा राहतो. चित्रांत तो मुळाच्या जवळपासही नाही. पहिल्यात धावत्या कळपाखाली बाप मेल्यावर छावा त्याचा कान ओढतो, मग त्याचा निर्जीव पंजा उचलून त्याच्या कुशीत शिरतो. त्या पंजाला वजन आहे. तो उचलताना पिल्लाला कष्ट पडतात, आणि ते कष्टच आपल्या छातीवर येतात. दुसऱ्या भागात कुणाच्याच अंगाला असं वजन नाही, सगळे सिंह हलके वाटतात. पण त्यात एक प्रसंग आहे. सिंबाच्या बापाचा घात करणाऱ्या स्कारचा वारस म्हणून वाढवलेल्या कोवूला सिंबा हाकलून देतो. सगळे प्राणी त्याला धिक्कारत असताना तो पळतो, पाण्यात बघतो, आणि स्वतःच्या जागी त्याला स्कारचं तोंड दिसतं. पहिल्या सिनेमात सिंबानं असंच पाण्यात पाहिलं होतं आणि त्याला बाप दिसला होता. एकाला वारसा आधार झाला, दुसऱ्याला तोच डाग झाला, आणि तो डाग लावणारा आता सिंबाच आहे. पहिल्या भागानं न विचारलेला प्रश्न इथे विचारला गेला. तिसरा भाग पहिल्याचीच गोष्ट टिमॉन-पुंबाच्या बाजूनं सांगतो. तो हसवतो आणि हसवून संपतो.

'सिंड्रेला'चं उदाहरण तर हाताला धरून शिकवावं असं. 1950 च्या सिनेमाचा दुसरा भाग 2002 साली आला. तीन सुट्या गोष्टी एकत्र शिवलेल्या, कुठल्याच गोष्टीला जीव नाही. मग 2007 साली तिसरा भाग आला आणि त्यानं एकच धाडस केलं. सावत्र आईच्या हाती परीची कांडी लागते, ती काळ मागे फिरवते, आणि काचेचा बूट सावत्र बहीण ॲनास्टेशियाच्या पायात बसतो. आता सिंड्रेलाकडे ना बूट, ना परी. तरी ती आणि राजपुत्र एकमेकांना सापडतील का? मूळ गोष्टीवर कितीतरी वाचकांच्या मनात आलेली शंका हीच: राजपुत्रानं तिला ओळखलं, की नुसता बूट ओळखला? आणि खरी कमाल ॲनास्टेशियाची. जादूनं सिंड्रेलाचं रूप घेऊन ती लग्नाला उभी राहते आणि ऐन वेळी नाही म्हणते. जी पहिल्या सिनेमात नुसती थट्टेची धनी होती, तिला सत्तावन्न वर्षांनी माणूसपण मिळालं. चित्रं मुळाइतकी देखणी नाहीत, तरी मी हा सिनेमा मुळाच्या शेजारी ठेवायला तयार आहे.

'बाम्बी'चं मात्र उलटं. 2006 चा दुसरा भाग सिडनीच्या स्टुडिओनं मनापासून काढला. 1942 च्या मूळ सिनेमातल्या, चित्रकार टायरस वाँगच्या धुकट रानाची आठवण त्याच्या पार्श्वचित्रांत जपलेली आहे. कारागीर कमी नव्हते, हे यावरून दिसतं. त्याच वर्षी तो स्टुडिओ बंद झाला, याचं मला वाईट वाटतं. पण कथा? आई बर्फात मारली गेल्यावर मूळ सिनेमा एकदम वसंतात जातो. मधला हिवाळा दाखवत नाही. दुसरा भाग तो हिवाळाच भरून काढतो: पोरका बाम्बी आणि त्याला दुसऱ्या हरिणीकडे सोपवू पाहणारा बाप. ते सगळं हळवं आणि नीटनेटकं आहे. पण ज्या मुलानं त्या मोकळ्या जागेत स्वतःचं रडं भरलं होतं, त्याची ती जागा यानं घेतली. पहिल्याचा अर्थ वाढला नाही, उलट उणावला.

'जंगल बुक 2' 2003 साली थिएटरला लागला, तरी त्याचा पिंड व्हिडिओचाच. मोगली गावात आहे, त्याला रान आठवतं, तो पळतो, 1967 ची गाणी पुन्हा होतात, तो परत येतो. गावाला रानाची भीती का वाटते आणि ओढही का वाटते, हे त्यात कुठेच उतरलेलं नाही. आमच्याकडे पाटगावच्या अंगाला रात्री गवे शिवारात उतरतात. तिथल्या पोरांना ही भीती आणि ही ओढ दोन्ही ठाऊक असतात. त्यांच्यासाठी या सिनेमात काही नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण 'हनुमान'चं. व्ही. जी. सामंतांचा 2005 चा तो सिनेमा चालला आणि त्याच्या जोरावर पौराणिक ॲनिमेशनपटांची लाट आली. त्याची रेषा कुठे कुठे अवघडलेली आहे, पण बाळ मारुती सूर्याकडे झेपावतो तेव्हा तिच्यात भक्ती आहे. 2007 च्या 'रिटर्न ऑफ हनुमान'चा दिग्दर्शक अनुराग कश्यप. कल्पना अस्सल होती: हनुमान आजच्या काळात मारुती नावाचा मुलगा होऊन येतो. ज्या महाराष्ट्रात वेशीवर मारुती नाही असं गाव शोधावं लागेल, जिथे समर्थांच्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगावचे दोन आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, तिथे ही कल्पना किती लांब गेली असती! देव आपल्यासारखाच शाळेत जातो, त्याची ताकद त्यालाही अडचणीची होते, हा खरा उत्तररंग होता. सिनेमानं तो सुरू केला आणि मग फिल्मी विनोदांच्या नादी लागून अभंगावर यायचं राहून गेलं. मला हा सिनेमा आवडला नाही असं नाही, चुटपुट लागली.

2007 साली डिस्ने ॲनिमेशनची सर्जनशील सूत्रं हाती आलेल्या जॉन लॅसेटरनं डिस्नेतले हे व्हिडिओचे पुढचे भाग थांबवायला लावले. ते काढणारा डिस्नेटून स्टुडिओ 2018 मध्ये मिटला. गारगोटीतलं ते दुकान त्याच्याही आधी गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. रोग मात्र बरा झालेला नाही, त्यानं घर बदललं. 2024 चा 'मोआना 2' मुळात घरबसल्या बघायची मालिका म्हणून सुरू झाला आणि मग त्याचा सिनेमा झाला, म्हणजे जाफरचीच वाट. फरक इतकाच की तो तीनशे रुपयांचं तिकीट काढून मल्टिप्लेक्समध्ये बघावा लागला. पडदा मोठा झाला, पण बेटामागून बेट येतं आणि मोआना पहिल्या सिनेमात जिथे पोचली होती त्याच्यापुढे आतून कुठेच जात नाही.

भाची आता पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली होती तेव्हा मी तिला त्या तीन चौकटींबद्दल विचारलं. तिसरा भाग तिला आठवेना. दुसऱ्यातली गाणी नाहीत, गोष्टही धड नाही. थोड्या वेळानं हातातला फोन खाली ठेवून ती म्हणाली, "त्यो पळत येतोय आणि पाण्यात बघतोय, आणि तोंड दुसऱ्याचंच. ते हाय ध्यानात." पहिल्या भागाचं मी तिला विचारलं नाही. तिनंच समोरच्या उशीचा कोपरा दोन बोटांनी उचलला, तो पंजा उचलल्यासारखा, आणि सोडून दिला.