अक्षरांचा अर्थ, अर्थाची कसरत

मंत्राचा अर्थ श्लोकात गुंफून सांगणे ही संस्कृत स्तोत्रकारांची जुनी हौस. तिच्यातून उत्तम काव्य निपजले, तशा नुसत्या कसरतीही. दोन्ही एकाच भक्तिभावाने म्हटल्या जातात, त्यामुळे डावे-उजवे करायला कोणी धजत नाही.

शंकराचार्यांच्या नावावरचे शिवपंचाक्षर स्तोत्र घ्या. न, म, शि, व, य या अक्षरांनी एकेक श्लोक सुरू होतो. नादमाधुर्याबद्दल वादच नाही. पण अक्षर इथे दारावरच्या पाटीपुरते आहे. आतले शिववर्णन त्या अक्षरातून उलगडत नाही. श्लोकांची अदलाबदल केली तर मंत्राचा क्रम मोडेल, अर्थाचे काही बिघडणार नाही.

याउलट पराशर भट्टांची ‘अष्टश्लोकी’. भट्ट श्रीरंगमचे, रामानुजाचार्यांचे शिष्य कूरेश यांचे पुत्र. आठ श्लोकांपैकी पहिले चार त्यांनी नारायणाच्या अष्टाक्षरीला दिले, उरलेले द्वयमंत्राला आणि चरमश्लोकाला. या परंपरेत ओंकारातला अ म्हणजे विष्णू, तोही लुप्त चतुर्थीसह, म्हणजे ‘त्याच्यासाठी’. उ म्हणजे ‘फक्त’. म म्हणजे जीव, कारण क पासून मोजले तर म पंचविसावे व्यंजन आणि तत्त्वांच्या गणतीत जीवही पंचविसावा. पुढे ‘नमः’ची फोड होते ‘माझे नाही’. ओढाताण इथेही आहेच. ‘नमः’ असे तोडणे वैयाकरणाला रुचणार नाही. तरीही प्रत्येक तुकडा एका सलग वाक्यात कामाला लागतो आणि मंत्र संपता संपता शरणागतीचे सगळे शास्त्र हाती येते. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत कसदार रचना.

अठराव्या शतकातले भास्करराय मूळचे महाराष्ट्रीय घराण्यातले. ‘वरिवस्यारहस्य’मध्ये ते श्रीविद्येच्या पंचदशी मंत्राचे तब्बल पंधरा अर्थ लावतात. विद्वत्ता थक्क करणारी; पण अक्षरे पंधरा म्हणून अर्थही पंधरा भरवल्यासारखे मधूनमधून वाटते.

मराठी माणसाच्या ओठांवरचे असे वाङ्मय म्हणजे गणपती अथर्वशीर्ष. ऋषिपंचमीला पुण्यात हजारो स्त्रिया ते एकत्र म्हणतात. त्यात ‘गं’ या बीजाची उभारणी आहे: आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार, मग बिंदू, नाद आणि संहिता. देवाचे रूप इथे उच्चाराच्या क्रमानेच घडते. ज्ञानदेवांनीही ज्ञानेश्वरीच्या आरंभी ओंकाराच्या तीन मात्रांत गणेशाचे पाय, पोट आणि मस्तक पाहिले.

पठणाला असे भरते आलेले असताना विवरण मात्र आटले आहे. बाजारातल्या ज्या सार्थ पुस्तिका मी चाळल्या, त्यांत हा भाग ‘गकार हे पूर्वरूप’ एवढ्या शब्दशः भाषांतरावर सोडून दिलेला दिसला. पूर्वरूप, उत्तररूप, संधी, संधान ही परिभाषा तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतही येते, तिथे ती दोन वर्णांच्या जोडणीवरून थेट विश्वाच्या जोडणीपर्यंत जाते. हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या जागेवर किती आवर्तनांनी कोणते फळ मिळते, तेच सविस्तर छापले होते.