मिरची क्रमांक तीस

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एका भोपळी मिरचीचा फोटो काढला. नाव ‘मिरची क्र. ३०’. या आकड्यातच चिकाटी आली! मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात बसवली. उजेड वळणावळणांवरून असा घरंगळतो की वाटावं, पाठमोरा पैलवानच बसलाय. सजावट म्हणाल तर शून्य. सगळी करामत छायाप्रकाशाची.

मीही घरातलं नरसाळं खिडकीशी मांडलं. वर हौसेने फ्लॅश मारला! त्याने सगळ्या वळणांवर इस्त्री फिरवली. वेस्टन मिरची बघत होता, मी कॅमेरा.

“अहो, झालं असेल तर द्या इकडे, भाजी करायचीय,” सौ. म्हणाली.

वेस्टनही फोटोनंतर मिरच्या खात असे. तेवढ्यापुरते आम्ही बरोबरीचे!