न सोडणाऱ्यांची कथा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका मुलाचा कुत्रा रस्त्यावर वाहनाखाली सापडून मेला. वडील मुलाला माझ्याकडे घेऊन आले, ते या अपेक्षेने की फादर दोन शब्द सांगतील आणि पोराचे रडणे थांबेल. मी दोन शब्द सांगितले. रडणे थांबले नाही. त्या रात्री मला विल्सन रॉल्स या अमेरिकन लेखकाची ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’ ही १९६१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आठवली. सेमिनरीत असताना ती मी डोळे पुसत वाचली होती. या वेळी मात्र एक प्रश्न मनाशी धरून वाचली.

कथा घडते ओक्लाहोमा राज्यातील ओझार्क डोंगरांत. बिली हा दहा वर्षांचा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. त्याला रॅकूनच्या शिकारीसाठी कुत्र्यांची जोडी हवी आहे. रॅकून म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा व शेपटीवर कडी असलेला, रात्री हिंडणारा, अतिशय धूर्त प्राणी. त्या काळी त्याच्या कातड्याला चांगला भाव येई. पाठलाग सुरू झाला की तो पाण्यात उतरून माग मोडतो आणि शेवटी झाडावर चढतो. म्हणून या शिकारीचा कुत्रा निवडताना जाणते शिकारी केवळ वेग पाहत नाहीत. नाक तीक्ष्ण हवे. आवाज असा हवा, की अंधारात दूरवरूनही धन्याला कुत्रा माग काढतो आहे की झाडाखाली उभा आहे हे कळावे. रिकाम्या झाडाखाली भुंकणारा कुत्रा खोटारडा ठरतो. परंतु सर्वांत मोठा गुण म्हणजे धनी येईपर्यंत झाड न सोडणे.

बिलीला अशी निवड करण्याची संधीच मिळत नाही. एका मासिकातील जाहिरातीत त्याला केंटकीमधील रेडबोन जातीच्या पिल्लांचा पत्ता सापडतो. मासे धरणाऱ्यांना भाजी व आमिष विकून, रानफळे वेचून तो दोन वर्षांत पन्नास डॉलर जमवतो. आजोबांच्या दुकानामार्फत मागणी जाते आणि पिल्ले आणण्यासाठी मुलगा अनवाणी टाहलेक्वा गावापर्यंत डोंगर तुडवत जातो. दरम्यान किंमत उतरल्याने दहा डॉलर उरतात. त्यांतून तो वडिलांना कपडे, आईला कापड आणि बहिणींना खाऊ घेतो. पिल्ले त्याने डोळ्यांनी पारखलेली नाहीत. त्यांच्यासाठी केवळ कष्ट उपसले आहेत. लेखकाचे म्हणणे या प्रसंगातच उमटते. उत्तम कुत्रा वंशावळीत काही अंशीच असतो. उरलेला तो धन्याच्या हातून घडतो.

ओल्ड डॅन दांडगा व हट्टी, तर लिटल ॲन लहानखुरी व हुशार. जिथे डॅनचा माग तुटतो तिथे ॲन तो जोडते. ‘भुताचा रॅकून’ म्हणून ख्याती पावलेला प्राणी एका पोकळ खांबात दडलेला असतो. तो हुडकून काढते तीही ॲनच.

या कादंबरीचे मर्म मला तिच्या आरंभीच्या एका छोट्या प्रसंगात दिसते. पिल्लांना शिकवण्यासाठी रॅकूनचे कातडे हवे असते. आजोबा युक्ती सांगतात. ओंडक्यात भोक पाडायचे, तळाशी चकचकीत पत्र्याचा तुकडा टाकायचा आणि भोकात तिरके खिळे ठोकायचे. उघडा पंजा आत जातो. मूठ मिटली की बाहेर येत नाही. मूठ उघडली तर प्राणी तत्क्षणी सुटेल, परंतु तो ती उघडत नाही. एक रॅकून असा सापडतो व मारला जातो. त्यानंतर बिलीचे वडील सर्व खिळे उपटून टाकायला सांगतात, कारण या डावात प्राण्याला संधीच नाही. शिकारीच्या पुस्तकात हा न्यायभाव मला महत्त्वाचा वाटतो.

पुढे पहिल्याच शिकारीत कुत्री एका रॅकूनला नेमकी त्या रानातील सर्वांत प्रचंड सायकॅमोर वृक्षावर चढवतात. ‘तुम्ही झाडावर चढवा, उरलेले मी करीन,’ असे वचन बिलीने त्यांना दिलेले असते. हाताला फोड येईपर्यंत, दिवसामागून दिवस, तो कुऱ्हाड चालवतो. कुत्री झाड सोडत नाहीत. मुलगा वचन सोडत नाही. आणि अखेरीस, ज्या प्यूमाला डॅनने झाडावर चढवले असते, त्याच्यासमोरूनही तो हटत नाही. बिलीला वाचवताना त्याला प्राणघातक जखमा होतात. ॲन अन्न टाकते आणि त्याच्या थडग्यावर जाऊन प्राण सोडते.

मिटलेली मूठ, न सोडलेले झाड, न टाकलेली कुऱ्हाड, न सोडलेला सोबती. बाहेरून पाहता सारी एकच क्रिया आहे. भेद एवढाच की रॅकून चकाकीला धरून ठेवतो आणि बाकीचे दुसऱ्या कोणाला तरी. लोभ व निष्ठा यांच्यातील अंतर मुलांना इतक्या साधेपणाने दाखवणारी कथा विरळा. शिवाय ज्या गुणासाठी कुत्रा निवडला जातो तोच गुण त्याचा प्राण घेतो, हे सत्यही लेखक लपवत नाही.

तथापि दोन ठिकाणी माझे लेखकाशी जमत नाही. शेजारचा रूबिन हा मुलगा कुत्र्यांवर कुऱ्हाड घेऊन धावताना तिच्यावरच पडून मरतो. बिली त्याच्या थडग्यावर फुले नेतो खरा, परंतु कथा लवकरच पुढे सरकते. कुत्र्यांच्या मृत्यूला मिळालेला अवकाश त्या माणसाच्या पोराला मिळत नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. मोठ्या झाडाखाली थकलेला बिली प्रार्थना करतो आणि वारा येऊन झाड पाडतो. बालमनाचा अनुभव म्हणून हे मी मान्य करतो. परंतु शेवटी वडील त्याला समजावतात की, शिकारीच्या पैशांतून कुटुंब शहरात जाणार होते, कुत्र्यांपायी बिलीला आजोबांकडे मागे ठेवावे लागले असते; परमेश्वराला ही ताटातूट नको होती, म्हणून कुत्री गेली. येथे वडिलांचे प्रेम खरे आहे, परंतु हिशेब खोटा आहे. त्या हिशेबात देव सोय पाहणारा व्यवस्थापक ठरतो, आणि डॅनचे हौतात्म्य निव्वळ घर बदलण्याची तजवीज! डॅन का मेला याचे उत्तर कथेने आधीच दिले होते: त्याने सोडले नाही म्हणून. थडग्यांमध्ये उगवलेला लाल नेचा, जो केवळ देवदूतच लावतो अशी आख्यायिका बिलीला ठाऊक असते, तो काहीही समजावत नाही. म्हणूनच तो सांत्वन करतो.

रॉल्सविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५८ साली विवाहापूर्वी, आपले लेखन कोणी वाचू नये म्हणून, त्याने सारी हस्तलिखिते जाळली होती. सुतारकाम करणाऱ्या या माणसाला शुद्धलेखनाची लाज वाटे. पत्नीच्या आग्रहावरून त्याने ही कथा पुन्हा लिहिली आणि तिने ती दुरुस्त केली. त्याने सोडून दिलेले तिने सोडले नाही. डॅनचा तुटलेला माग जोडणारी ॲन त्याला कोठून सुचली असेल, हे मग फारसे विचारावे लागत नाही.

पालकांनी हे पुस्तक मुलांसोबत अवश्य वाचावे. फक्त वडिलांच्या त्या स्पष्टीकरणापाशी थांबून, ‘तुला हे पटते का?’ एवढे विचारावे. मी त्या दिवशी त्या मुलाला जे दोन शब्द सांगितले, ते बिलीच्या वडिलांच्याच जातीचे होते: ‘देवाची काहीतरी योजना असेल.’ पुढच्या रविवारी त्याला बोलावून घेतले व एवढेच विचारले, ‘तुझा कुत्रा कसा होता रे?’ तो अर्धा तास बोलत होता.