संगीतोपचार आणि घरातील शुश्रूषाकर्ता : दोन अभ्यासांची चिकित्सा

संगीताने मनाला विसावा मिळतो, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घरी देखभाल करणारी पत्नी, मुलगी वा सून यांच्या संदर्भात मात्र ती अगत्याची ठरते. येथे गाणे म्हणायचे कोणी आणि विसावा मिळायचा कोणाला, हाच मूळ प्रश्न आहे.

तेप्पो सार्कामो व सहकाऱ्यांचा फिनलंडमधील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण व शुश्रूषाकर्ता अशा ८९ जोड्यांपैकी एका गटास दहा आठवडे गायनाचे, दुसऱ्यास संगीतश्रवणाचे मार्गदर्शन मिळाले. तिसऱ्या गटाची देखभाल नेहमीप्रमाणे चालू राहिली. रुग्णांची मनःस्थिती दोन्ही संगीतगटांत सुधारली. शुश्रूषाकर्त्यांच्या स्वास्थ्यातील वाढ मात्र गायनगटातच नोंदली गेली. समदुःखी माणसांची सोबत हे त्याचे कारण मानावे, तर श्रवणगटही एकत्रच जमत होता. तेव्हा स्वतः गाण्याचे काही वेगळे मोल असावे, असे मानण्यास जागा आहे.

२०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेली 'होमसाइड' चाचणी पाच देशांतील ४३२ जोड्यांवर झाली. तिचा व्याप मोठा, पण दृष्टी उलट दिशेची. प्रशिक्षण घेतलेल्या नातेवाइकानेच घरी रुग्णासोबत संगीताचा उपक्रम चालवायचा; १२ आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास. नव्वद दिवसांनी रुग्णांच्या वर्तन व भावविषयक लक्षणांत, नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत, सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणीचे मुख्य मोजमाप रुग्णाच्या लक्षणांचे होते. शुश्रूषाकर्त्याची स्थिती दुय्यम स्थानी राहिली. आधीच थकलेल्या माणसावर आठवड्याला अडीच तासांचे आणखी एक काम आले, याचा विचार निष्कर्षांच्या चर्चेत अग्रस्थानी यावयास हवा.

येथे जात्यावरच्या ओवीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांना 'उपचार' म्हणणे भाबडेपणाचे होईल. दळणारणीचे दळण त्यांनी पायलीभरही कमी केले नाही. परंतु ओवीसाठी तिला वेगळा वेळ काढावा लागत नसे, आणि माहेर, सासुरवास, लेकीची काळजी हे सारे तिच्या स्वतःच्या जिण्यातले असे. 'होमसाइड'च्या आराखड्यात शुश्रूषाकर्ता गातो तो रुग्णासाठी वा रुग्णासोबत; रुग्ण निजल्यावर त्याने स्वतःसाठी काय गावे, हे तेथे विचारलेले नाही.