‘शून्य निकाल’ हा पुरावा नव्हे : जुन्या कागदांतल्या शब्दशोधाबद्दल

मंडळाच्या एका बैठकीत मी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की रामपायली परिसरातल्या आपल्या नकलांमध्ये कोहळ्यांचा उल्लेख कुठेच नाही. संगणकावर शोधलं, निकाल शून्य. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तलाव बांधणारे म्हणून नावाजलेला हा समाज आपल्या कागदांत मात्र नाही, म्हणजे इकडे त्यांचं काम नसावं, असा निष्कर्षही मी वर जोडून दिला. पुढच्याच खेपेला एका वडीलधाऱ्या सभासदांनी वहीचं पान उघडून बोट ठेवलं. तिथे ‘कोहली’ होतं. ‘ळ’च्या जागी ‘ल’, एवढंच. हिंदी वळणाच्या हातानं लिहिलेलं पान होतं ते.

चूक माझी. पण ती एकट्या माझी नाही, म्हणून हे टिपण.

आपल्या भागातले कागद कसे असतात, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १८६७ साली बालाघाट जिल्हा झाला, १९५६च्या पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. त्यामुळे वारासिवनी-रामपायलीकडच्या घरांत एकाच गाठोड्यात मोडी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी सापडतं. १९०७च्या इंग्रजी गॅझेटियरमधलं गावाचं नाव, खातेवहीतलं नाव आणि चंदन नदीकाठच्या राममंदिराला जाणारा माणूस घेतो ते नाव, तिन्हींची अक्षरं जुळतीलच असं नाही.

तर असल्या नकला मी टंकून एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवल्या आणि त्याला एफटीएस-५ ही शब्दशोधाची जोड बसवली. ही जोड २०१५पासून एसक्यूलाइटसोबतच येते. पायथन असेल तर बहुधा वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. एक आभासी तक्ता करायचा, त्यात मजकूर ओतायचा, झालं. दहा मिनिटांचं काम. वाटलं, सुटलो बुवा.

वारसदारांचा माग काढायचा म्हणून मी ‘मुलगा’ शोधलं. निकालात मालगुजारच मालगुजार! ‘चांदी’ शोधलं तर ‘चौदा’ आलं. आधी हसू आलं, मग कारण शोधलं. ही जोड मजकुराचे तुकडे पाडते, आणि तुकड्यात काय धरायचं याचा तिचा मूळ नियम असा : अक्षरं आणि अंक आत, बाकी सगळं बाहेर. युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, ‘चिन्हं’ आहेत. म्हणून ‘मुलगा’चे ‘म’ आणि ‘लग’ असे दोन तुकडे होतात आणि ‘मालगुजार’ही ‘म’, ‘लग’ असाच सुरू होतो. शोधणाऱ्याला दोन्ही सारखेच. हा नियम कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेला आहे आणि बदलताही येतो. जुना तक्ता टाकून, चिन्हांचा वर्गही शब्दात धरावा असं सांगून नवा करायचा. मी आधी वाचलं नव्हतं, इतकंच.

ते केलं, आणि उलटी अडचण आली. आता ‘मालगुजार’ शोधलं की ‘मालगुजाराने’, ‘मालगुजाराकडे’ येईनात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. जोडीसोबत शब्दाचं मूळ काढणारी सोय आहे, पण ती इंग्रजीपुरती. शब्दाच्या शेवटी तारा टाकून शोधलं की बरंच सापडतं, पण ‘मुलगा’वरून ‘मुलाने’ काही केल्या येत नाही. ‘शेतकऱ्याने’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो : एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला वेगळे.

२०२०च्या शेवटी आलेली तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडायची पद्धतही करून पाहिली. तिच्यात प्रत्ययाची अडचण बरीच कमी होते. पण ‘घर’ किंवा ‘वन’ शोधलं तर हाती काहीच लागत नाही, कारण ते दोनच चिन्हांचे शब्द. आणि ‘राम’ शोधलं की ‘आराम’ आणि ‘विश्राम’ही हजर.

आता मुद्द्यावर येतो. माझी तक्रार यंत्रावर नाही. त्याच्याशिवाय विखुरलेल्या पानांतली एकाच शेताची नोंद मला कधी जुळवता आली नसती. तक्रार आहे ती आपल्या निबंधांतल्या एका वाक्यावर : ‘उपलब्ध साधनांत असा उल्लेख आढळत नाही.’ पूर्वी हे वाक्य लिहिणाऱ्यानं पानं उलटलेली असत. आता अनेकदा त्याचा अर्थ एवढाच, की शोधपेटीत एक शब्द एकदा टंकला. वाचणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग नाही. सापडलेली नोंद चुकीची असेल तर निदान उघडून तपासता येते. न सापडलेली तपासणार कशी? आणि जे हरवतात ते बहुधा तेच, ज्यांची नावं लिहिणाऱ्यानं आपल्या कानानं ऐकून लिहिली : तलाव खोदणारे, वाटेकरी, विधवा. मालगुजाराचं नाव सहसा ठरावीक अक्षरांत आणि पुन्हा पुन्हा येतं, त्याला फारसा धोका नाही.

म्हणून मंडळाला एवढंच सुचवतो. ‘आढळत नाही’ लिहाल तेव्हा कोणकोणत्या रूपांनी शोधलं तेही लिहा : ळ आणि ल, ण आणि न, हिंदी वळण, प्रत्ययासह आणि प्रत्ययाशिवाय. टंकताना दोन तऱ्हांचा अर्धा र एकसारखा करून घ्या, पण मूळ पानावरचं ‘कोहली’ सुधारून ‘कोहळी’ करू नका. शोधासाठी शेजारी वेगळा रकाना ठेवा. आणि निकाल शून्य आला तर निदान त्या एका गावाचं गाठोडं तरी हातानं उलटा.

माझं बैठकीतलं विधान मी या टिपणानं मागे घेतो. ते पान आता नकलेत ‘कोहली’ असंच टंकलेलं आहे, शेजारच्या रकान्यात ‘कोहळी’. आता दोन्हींनी सापडतं.